मदरबोर्डचा सेल बदलल्यावर संगणक सुरू झाला नाही तर : एका दुरुस्तीचा अभ्यास

प्रस्तुत स्मरणिकेच्या अखेरीस माजी विद्यार्थ्यांची यादी छापली आहे. वाचक ती चाळतील, आपले नाव शोधतील, आपल्या तुकडीतील सोबत्यांची नावे दिसताच क्षणभर थांबतील. ही यादी छापखान्यात जाण्यापूर्वीच्या आठवड्यात मात्र ती कायमची हातची गेली की काय, अशा धास्तीत आम्ही तीन दिवस काढले. निमित्त अगदी क्षुल्लक होते. शाळेच्या कार्यालयातील संगणकात चाळीस-पन्नास रुपयांना मिळणारा एक छोटा सेल असतो. तो आम्ही बदलला आणि त्यानंतर संगणक सुरूच झाला नाही.

यादीचे महत्त्व केवळ स्मरणिकेपुरते नव्हते. शाळेच्या जुन्या जनरल रजिस्टरांची पाने आता हात लावताच तुटतात. दोन रजिस्टरांना तर वाळवी लागून गेली आहे. म्हणून कार्यालयातील सहकाऱ्यांनी दोन उन्हाळी सुट्ट्या खर्ची घालून प्रत्येक विद्यार्थ्याचे नाव, रजिस्टर क्रमांक, दाखल झाल्याची व शाळा सोडल्याची तारीख संगणकावर उतरवून घेतली होती. शाळा सोडल्याचा दाखला पुन्हा मागण्यासाठी किंवा जात पडताळणीच्या कामासाठी एखादा पालक दूरच्या गावाहून येतो, तेव्हा कोणते रजिस्टर आणि कोणते पान उघडायचे हे या यादीवरून पाच मिनिटांत कळते. यादी नसेल तर त्या माणसाला दुसऱ्या दिवशी परत बोलवावे लागते, आणि त्याची एक दिवसाची मजुरी बुडते. या यादीची दुसरी प्रत आम्ही एका पेन ड्राइव्हवर ठेवली होती खरी, पण ती आठ महिन्यांपूर्वीची होती. हा दोष सर्वस्वी आमचाच, हे आरंभीच मान्य करतो.

तर मूळ तक्रार अशी होती. गेल्या काही महिन्यांपासून हा संगणक सकाळी सुरू केला की काळ्या पडद्यावर ‘सीमॉस चेकसम एरर’ असा संदेश येई आणि पुढे जाण्यासाठी एफ-१ ही कळ दाबावी लागे. घड्याळात वर्षानुवर्षे मागची तारीख दिसे. लिपिकाने तारीख दुरुस्त केली तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. एकदा तर एका पत्रावर पंधरा वर्षांपूर्वीचा दिनांक छापला गेला आणि ते पत्र तसेच जावक नोंदवहीत चढले. ही सारी लक्षणे एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात : मदरबोर्डवरचा सेल संपत आला आहे.

हा सेल नेमके काय करतो, हे समजल्याशिवाय पुढची दुरुस्ती समजणार नाही. म्हणून थोडे विषयांतर करतो. संगणकाचा वीजपुरवठा पूर्ण बंद असतानाही त्यातील एक घड्याळ चालूच असते. त्या घड्याळाचे काळीज म्हणजे गारगोटीच्या जातीच्या स्फटिकाचा एक बारीक तुकडा. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. ही संख्या विचित्र वाटेल, पण तिला सलग १५ वेळा निम्मे करत गेले की बरोबर एक उरतो. म्हणजे साध्या विद्युतमंडलाने निम्मे-निम्मे करत एक सेकंदाचा ठोका मिळवता येतो. मनगटी क्वार्ट्झ घड्याळातही हाच हिशेब असतो. आठवीच्या मुलांना घातांक शिकवताना आम्ही हे उदाहरण देतो आणि ते त्यांच्या लक्षात राहते.

घड्याळाच्या शेजारीच स्मृतीचा एक अगदी लहान कप्पा असतो. १९८१ साली आलेल्या आयबीएमच्या पहिल्या पीसीमध्ये ही सोय नव्हती. त्यात यंत्राला कोणते भाग जोडले आहेत हे छोट्या खटक्यांनी ठरवावे लागे, आणि सुरू करताना तारीख-वेळ हाताने टंकावी लागे. १९८४ साली आलेल्या पीसी एटीमध्ये मोटोरोलाची एमसी १४६८१८ ही चिप बसवली गेली. तिच्यात एकूण ६४ बाइट जागा होती. त्यातील १४ बाइट घड्याळाच्या कामासाठी आणि उरलेले ५० यंत्राच्या मांडणीच्या नोंदींसाठी. सीमॉस हे नाव ती चिप ज्या प्रकारच्या तंत्राने बनवली होती त्यावरून पडले. हे तंत्र अत्यल्प विजेवर चालते, म्हणून लहानशा सेलवर काम भागते. पुढे यंत्रे बदलली, नाव मात्र चिकटून राहिले. आजच्या संगणकांत बऱ्याचशा नोंदी सेलविना टिकणाऱ्या फ्लॅश स्मृतीत ठेवल्या जातात, तरी घड्याळ आजही सेलवरच चालते. जुन्या यंत्रांत, म्हणजे आमच्या कार्यालयातील संगणकासारख्या, सेल गेला की घड्याळाबरोबर मांडणीच्या नोंदीही जातात. आमच्या साऱ्या हालांचे मूळ या एका वाक्यात आहे, पण तेव्हा ते आमच्या ध्यानात आले नाही.

सेलवर सीआर २०३२ असे कोरलेले असते. त्यातले २० म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी. हा लिथियमचा सेल ३ व्होल्टचा, साधारण २२० मिलिअँपिअर-तास क्षमतेचा. घड्याळाला सुमारे ५ मायक्रोअँपिअर प्रवाह लागतो असे धरले तर भागाकार ४४,००० तासांचा येतो, म्हणजे जवळपास ५ वर्षे. घरातील संगणकाचा प्लग रात्रंदिवस चालू असेल तर तेवढा वेळ घड्याळाला वीज मंडळाचीच वीज मिळते आणि सेल अधिक टिकतो. आमच्या वसतिगृहाच्या शाळेत मात्र सायंकाळी कार्यालयाचा मुख्य खटकाच खाली ओढला जातो, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तो आठवडेच्या आठवडे बंद असतो. तेथे सारा भार सेलवर. ज्या शाळांत अशी शिस्त आहे त्यांनी सेल लवकर संपतो म्हणून दुकानदाराला बोल लावू नये.

आता सेल बदलण्याच्या कृतीकडे वळू. ती आम्ही कशी केली आणि कशी करायला हवी होती, यांत अंतर आहे. करायला हवे होते ते असे : संगणक सुरू असतानाच बायोसच्या पडद्यात जाऊन प्रत्येक पानाचे मोबाइलवर छायाचित्र घ्यावे. मग यंत्र रीतसर बंद करावे, प्लग काढावा, सुरू करण्याचे बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत साठलेली वीज निघून जाते. कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावून अंगातील स्थितिक वीज उतरवावी. जुना सेल काढण्यापूर्वी त्याची कोणती बाजू वर आहे ते पाहावे; बहुतेक बोर्डांवर अधिक चिन्हाची बाजू वर असते. खटकी हलकेच बाजूला सारली की सेल आपोआप वर येतो, पेचकस खुपसून उचकटण्याची गरज नसते. आम्ही यातील प्लग काढण्याचे काम तेवढे केले. छायाचित्रे घेतली नाहीत. शिवाय त्या बोर्डावर सेलची जागा रॅमच्या पट्ट्यांच्या अगदी लगत होती आणि समोरच्या बटणाकडे जाणाऱ्या बारीक तारांचा झुबका तिच्यावरून गेला होता. तो आम्ही हातानेच बाजूला ओढला.

नवा सेल बसवून बटण दाबले. काहीच झाले नाही. पंखा नाही, दिवा नाही, आवाज नाही.

‘संगणक सुरू होत नाही’ हे वाक्य ऐकायला एक असले तरी त्यात निदान चार वेगळ्या तक्रारी लपलेल्या असतात, आणि त्यांची सरमिसळ केली की दुरुस्ती भरकटते. एकात यंत्र पूर्ण मृतवत असते. दुसऱ्यात पंखे फिरतात पण पडदा काळा राहतो. तिसऱ्यात पडद्यावर अक्षरे येतात आणि तेथेच अडतात. चौथ्यात विंडोजचे चिन्ह उमटते आणि यंत्र कोलमडते. आमच्या दुर्दैवाने, किंवा शिकण्याच्या दृष्टीने सुदैवाने म्हणा, त्या तीन दिवसांत या चारही अवस्था आमच्यापुढे एकामागून एक आल्या.

मृतवत यंत्राबाबत आमची पहिली शंका नव्या सेलवर गेली. मल्टिमीटर लावून पाहिला तर ३.२ व्होल्ट, सेल उत्तम. वास्तविक येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे : बहुतांश संगणक सेल अजिबात नसतानाही सुरू होतात, फक्त घड्याळ चुकलेले असते. दुबळ्या सेलमुळे अडून बसणारे बोर्ड असतात, पण थोडे. त्यामुळे सेल काढून यंत्र चालू करून पाहणे ही सोपी परीक्षा आधी करावी. आम्ही ती केली. यंत्र तसेच निपचित. म्हणजे दोष सेलचा नाही, सेल बदलताना आमच्या हातून झालेल्या एखाद्या गोष्टीचा आहे, हे तेव्हाच उमगायला हवे होते. परंतु आमच्यातील एका सहकाऱ्याने ‘एसएमपीएस गेला’ असे ठामपणे सांगितले, आणि आम्ही संगणक कक्षातील दुसऱ्या यंत्राचा एसएमपीएस सोडवून येथे जोडण्यात अर्धा दिवस घालवला. फरक शून्य.

तोडगा नववीतील एका मुलीच्या नजरेने निघाला. ती म्हणाली, “सर, बोर्डवर हिरवा दिवा तर लागलाय.” खरेच, मदरबोर्डच्या कोपऱ्यात एक बारीक दिवा मंद जळत होता. प्लग जोडला की बटण न दाबताही एसएमपीएस ५ व्होल्टचा एक राखीव पुरवठा बोर्डाला देत असतो. तो येत असल्याची ही खूण. वीज दारापर्यंत आली आहे, पण आत येण्याची आज्ञाच मिळत नाही, असा त्याचा अर्थ झाला. आज्ञा देते ते समोरचे बटण. त्या बटणाच्या दोन तारा बोर्डावरच्या ज्या दोन टाचण्यांना जोडलेल्या असतात, त्या आम्ही पुस्तिकेतील आकृतीवरून शोधल्या आणि पेचकसाच्या टोकाने क्षणभर एकमेकींना टेकवल्या. पंखा गरगरू लागला. तारांचा झुबका ओढताना बटणाचा जोड टाचण्यांवरून अर्धवट निसटला होता, एवढेच. जोड नीट बसवला आणि पहिली अवस्था संपली.

तो दिवा लागलेला नसता तर मात्र एसएमपीएसकडेच वळावे लागले असते. त्याची परीक्षा अशी करतात : प्लग काढून त्याचे २४ टाचण्यांचे टोक मदरबोर्डपासून सोडवायचे, त्यातील हिरवी तार आणि कोणतीही एक काळी तार कागदाला लावायच्या टाचणीने जोडायची आणि मग प्लग चालू करायचा. पंखा फिरला आणि मल्टिमीटरवर पिवळ्या तारेला ११.४ ते १२.६, लाल तारेला ४.७५ ते ५.२५ व्होल्ट मिळाले तर तो बरा आहे. एसएमपीएसची पेटी मात्र कोणीही उघडू नये. आतील धारित्रात प्लग काढल्यावरही सुमारे ३२५ व्होल्ट दाब काही काळ टिकून राहू शकतो. मुलांकडून हे काम मोठ्यांच्या उपस्थितीतच करून घ्यावे. याच टप्प्यावर आणखी एक गोष्ट पाहावी : सेलच्या आसपास तीन टाचण्यांवर बसवलेली एक छोटी टोपी असते, तिला जंपर म्हणतात. नोंदी पुसण्यासाठी ती एक घर सरकवतात आणि पुसून झाल्यावर परत मूळ जागी आणायची असते. ती ‘पुसा’ या स्थितीतच राहिली तर कित्येक बोर्ड सुरू होत नाहीत.

दुसरी अवस्था : पंखे फिरतात, पडदा काळा, आणि आतून थांबून थांबून लांब शिट्टीसारखा आवाज. हा आवाज म्हणजे यंत्राची वाचाच होय. पडदा दाखवण्याइतकी तयारी होण्यापूर्वीच काही बिघडले तर बायोस आवाजातून सांगते. प्रत्येक बायोसची सांकेतिक भाषा निराळी असते, म्हणून ऐकीव अर्थ लावू नये, बोर्डाची पुस्तिका पाहावी. आमच्या पुस्तिकेप्रमाणे पुन्हा पुन्हा येणारा लांब आवाज रॅमची तक्रार सांगत होता. सेल काढताना आमचा अंगठा रॅमच्या पट्टीवर टेकला असणार. दोन्ही पट्ट्या काढल्या. त्यांच्या सोनेरी कडा काळवंडल्या होत्या. कंपासपेटीतल्या पांढऱ्या खोडरबराने त्या हलक्या हाताने पुसल्या, चुरा झटकला, आणि एकच पट्टी दोन्ही बाजूंच्या खटक्या वाजेपर्यंत दाबून बसवली. पडदा उजळला. मग दुसरी बसवली. एका वेळी एकच बदल करायचा आणि प्रत्येक बदलानंतर यंत्र चालवून पाहायचे, हा नियम त्या दिवशी विद्यार्थ्यांपेक्षा आम्हीच अधिक शिकलो.

ज्यांच्या संगणकात वेगळे ग्राफिक्स कार्ड आहे त्यांनी येथे पडद्याची तार कोणत्या खाचेत आहे तेही पाहावे. साफसफाईनंतर ती घाईने बोर्डाच्या खाचेत लावली जाते, चित्र मात्र कार्डातून येत असते. आणि डीडीआर ५ जातीची रॅम असलेल्या नव्या यंत्रांत नोंदी पुसल्या गेल्यावर पहिल्या सुरुवातीस रॅमची जुळणी नव्याने केली जाते. त्यात पडदा काही मिनिटे काळा राहू शकतो. अशा वेळी धीर सोडून वीज बंद करू नये, निदान दहा मिनिटे वाट पाहावी.

तिसरी अवस्था सौम्य होती. पडद्यावर नोंदी हरवल्याचा संदेश आला. तो येणारच, कारण सेल काढला तेव्हा त्या पुसल्या गेल्या. बायोसमध्ये जाऊन तारीख व वेळ भरली आणि नोंद कायम करून बाहेर पडलो. तारीख बरोबर असणे किती आवश्यक आहे, याविषयी एक वाक्य जोडतो : तारीख वर्षानुवर्षे मागे असेल तर सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत, कारण त्यांच्या प्रमाणपत्रांची मुदत अद्याप सुरूच झालेली नाही असा संगणकाचा ग्रह होतो. मुलांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज भरताना अनेकांना ही अडचण येते आणि दोष इंटरनेटला दिला जातो.

आता सारे सुरळीत होईल असे वाटले. विंडोजचे चार रंगी चिन्ह उमटले, आणि निमिषमात्र एक निळा पडदा चमकून यंत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. पुन्हा चिन्ह, पुन्हा निळी चमक, पुन्हा सुरुवात. दुरुस्तीचा पर्याय निवडून पाहिला. बराच वेळ फिरत राहून त्याने हात टेकले. रात्रीचे नऊ वाजले होते. तालुक्याच्या ठिकाणी संगणक दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांना दूरध्वनी केला. त्यांनी यंत्र न पाहताच सांगितले, “हार्ड डिस्क गेली असणार. फॉरमॅट मारावं लागेल.”

फॉरमॅट म्हणजे दोन उन्हाळ्यांचे काम पुसणे. कार्यालयातील बाईंचा चेहरा आम्हांला अजून आठवतो. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त टेबलावरचे जुने रजिस्टर आपल्याकडे ओढून घेतले आणि पहिले पान उघडले, जणू पुन्हा पहिल्यापासून लिहायला बसायचे आहे.

येथे आम्ही केलेला एकच निर्णय आम्हांला आजही योग्य वाटतो. दुरुस्ती बाजूला ठेवून आधी माहिती वाचवायची. यंत्र बंद करून हार्ड डिस्क सोडवली आणि संगणक कक्षातील चांगल्या संगणकाला दुसरी डिस्क म्हणून जोडली. असे करताना मूळ डिस्क पहिलीच राहील हे बायोसमध्ये पाहून घ्यावे, आणि विंडोजने ‘ही डिस्क फॉरमॅट करायची का?’ असे विचारले तर कदापि ‘होय’ म्हणू नये. आम्हांला तसे विचारले गेले नाही. नव्या ड्राइव्हचे अक्षर दिसले, त्यात कार्यालयाचा फोल्डर, आणि त्यात यादी. उघडली. शेवटच्या पानापर्यंत सगळी नावे जागच्या जागी होती. ती दोन वेगवेगळ्या पेन ड्राइव्हवर आणि त्या संगणकावर उतरवून घेतली, प्रत्येक प्रत उघडून पाहिली आणि मगच वसतिगृहातील दिवे मालवायला गेलो.

आता एक तर्क उरत होता, आणि तो आम्ही मुलांपुढेच मांडला. डिस्क दुसऱ्या यंत्रात उत्तम वाचली जाते, म्हणजे डिस्क गेलेली नाही. विंडोज सकाळपर्यंत चालत होते, म्हणजे तेही बिघडलेले नसावे. मग सकाळपासून बदलले काय? बायोसच्या नोंदी. दुसऱ्या दिवशी डिस्क मूळ जागी बसवून एफ-८ ही कळ दाबत यंत्र सुरू केले आणि बिघाडानंतर आपोआप पुन्हा सुरू न होण्याचा पर्याय निवडला. निळा पडदा यावेळी स्थिर राहिला. त्यावर तळाशी शून्य-एक्स, त्यापुढे सहा शून्ये आणि ७-बी अशी संकेतसंख्या होती. तिचा अर्थ असा की विंडोज ज्या डिस्कवरून उठत आहे त्या डिस्कपर्यंतच त्याचा हात पोचत नाही.

कारण असे. डिस्क आणि बोर्ड यांच्यातील संभाषणाच्या दोन पद्धती त्या काळच्या बायोसमध्ये असत. एक जुनी, आयडीई. दुसरी नवी, एएचसीआय. विंडोज ७ ज्या पद्धतीत बसवले गेले, तेवढीच पद्धत सुरुवातीला हाताळण्याची तयारी ते ठेवते. आमच्या यंत्रात ते कोणा जाणकाराने एएचसीआय निवडून बसवले होते. सेल काढल्यावर नोंदी पुसल्या गेल्या आणि बोर्डाने कारखान्यातील मूळ नोंद, म्हणजे आयडीई, परत आणली. दाराची कडी बदलली, किल्ली जुनीच. साटा मांडणीच्या पानावर जाऊन आयडीईच्या जागी एएचसीआय निवडले, नोंद कायम केली. चिन्ह उमटले, निळी चमक आली नाही, आणि घंटेचा परिचित सूर ऐकू आला. कक्षातील मुलांनी टाळ्या वाजवल्या. बाई रजिस्टर बंद करून चहा सांगायला गेल्या.

सेल बदलण्यापूर्वी बायोसची चार छायाचित्रे घेतली असती तर ही चौथी अवस्था आलीच नसती. बाकीच्या दोन चुका हाताच्या होत्या.

पालकांच्या व माजी विद्यार्थ्यांच्या घरी अधिक नवे संगणक असतील. त्यांना एएचसीआयची अडचण क्वचितच येईल, परंतु तिची भावंडे येतील. जुन्या पद्धतीने बसवलेली विंडोज असताना नोंदी पुसून बायोस फक्त यूईएफआय पद्धतीवर गेले, तर ‘सुरू करण्याजोगी डिस्क नाही’ असा संदेश येतो. तेथे जुनी, म्हणजे लेगसी पद्धत पुन्हा निवडावी लागते. काही यंत्रांत रेड ही पद्धत मूळ नोंद म्हणून येते. विंडोज १० वा ११ मध्ये बिटलॉकरने डिस्क कुलूपबंद असेल, तर नोंदी बदललेल्या पाहून ती ४८ अंकी किल्ली मागते. ही किल्ली बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते आणि दुसऱ्या संगणकावरून किंवा मोबाइलवरून पाहता येते. ती सापडली नाही तर आतील माहिती परत मिळत नाही; दुरुस्ती करणाऱ्यालाही नाही. म्हणून सेलला हात लावण्यापूर्वी किल्ली कागदावर उतरवून ठेवावी. लॅपटॉपमध्ये हा सेल पुष्कळदा दोन तारांसह प्लास्टिकच्या वेष्टणात येतो. तो बाजारातील सुट्या सेलला तारा डकवून बनवू नये.

एक सूचना वसतिगृहाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची. काढलेला सेल मृत वाटला तरी त्यात थोडी वीज शिल्लक असते. लहान मुलाने तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर अवघ्या दोन तासांत आतून गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते. नुसती शंका आली तरी थांबून न राहता, मुलाला ओकारी काढायला न लावता, एक्स-रेची सोय असलेल्या रुग्णालयात तत्काळ न्यावे. आम्ही काढलेले सेल दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून झाकणाच्या डबीत, कुलुपाच्या कपाटात ठेवतो आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे देतो. कचरापेटीत टाकत नाही.

कार्यालयातील त्या संगणकाच्या कॅबिनेटच्या आतल्या बाजूस आता एक कागद डकवला आहे. त्यावर सेल बदलल्याची तारीख, साटा पद्धत, सुरुवातीचा डिस्कक्रम आणि बटणाच्या दोन टाचण्यांची जागा दाखवणारी आकृती आहे. आकृती त्याच नववीतील मुलीने काढली. यादीची एक प्रत दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी दुसऱ्या इमारतीतील कपाटात जाते.

यादी तपासताना आमच्या ध्यानात आले की, जुन्या रजिस्टरातील पुसट अक्षरांमुळे काही आडनावांत व गावांच्या नावांत चुका राहिल्या आहेत. वाळवीने खाल्लेल्या पानांवरील काही नावे तर अर्धीच वाचता आली. ती यादीत फुलीच्या खुणेसह छापली आहेत. माजी विद्यार्थ्यांनी आपले व आपल्या सोबत्यांचे नाव पाहावे, आणि चूक आढळल्यास शाळेच्या कार्यालयात कळवावे. शक्य असल्यास जुन्या दाखल्याची छायाप्रत सोबत आणावी.